नवा जोडलेला कॉम्प्युटर सुरूच होत नाही? पार्ट परत पाठवण्याआधी हे बघा

"काका, चालूच जायना!" जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की हा फोन मला हमखास येतो. पोराने पैसे साठवून एकेक पार्ट मागवलेला असतो, रात्रभर व्हिडिओ बघत जोडणी केलेली असते आणि पहाटे बटन दाबल्यावर पडदा काळाच. घरचे आधीच म्हणत असतात की तयार घेतला असता तर काय झालं असतं. त्या पोराच्या पोटात कसा गोळा येतो ते मला ठाऊक आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी गोव्यात फोंड्याला राहतो. इथली आणि डिचोली, सांखळी, पेडणे भागातली अशी बरीच मशिनं मी उघडून बघितली आहेत. खरोखर मेलेला पार्ट फार थोड्यांत सापडला. बाकीच्यांत कुठला तरी पार्ट पुरता बसलेला नव्हता, चुकीच्या जागी बसला होता, नाहीतर भिंतीतून येणारी वीजच धड नव्हती. त्यामुळे पहिल्याच रात्री "मदरबोर्ड गेला" असं ठरवून टाकू नका.

फोनवर मी पहिलं विचारतो, "सुरू होत नाही म्हणजे नक्की काय होतं?" बटन दाबल्यावर काहीच हालत नाही, पंखे क्षणभर फिरून थांबतात, पंखे फिरत राहतात पण पडद्यावर काही येत नाही, की आपोआप बंद-चालू होत राहतं? ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. काय होतंय ते कागदावर लिहा, शक्य असेल तर मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवा. अर्धं निदान तिथेच होतं.

काहीच हालचाल नाही

सुरुवात भिंतीपासून करा. सॉकेट तपासायला मोबाइलचा चार्जर लावू नका, तो सैल सॉकेटवरही चालतो. इस्त्री लावून बघा. तिचा दिवा फडफडला किंवा सॉकेटमधून चरचर आवाज आला तर दोष तिथेच आहे. स्पाइक बस्टर असेल तर तो काढून केबल थेट भिंतीला लावा. मग एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागचा छोटा स्विच बघा: उभी रेघ दाबलेली म्हणजे चालू, गोल दाबलेला म्हणजे बंद. एसएमपीएसमध्ये जाणारी केबलही जोर लावून आत ढकला. नवी केबल घट्ट असते, पुरती बसली असं वाटतं आणि बोटाच्या पेराएवढी बाहेरच राहते.

आता मदरबोर्डावर, म्हणजे सगळे पार्ट ज्याला जोडतात त्या मोठ्या पाटीवर, एखादा छोटा दिवा लागलाय का ते बघा. बऱ्याच बोर्डांवर तो असतो. लागला असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही एसएमपीएस जे ५ व्होल्ट देत असतो ते बोर्डापर्यंत पोचतायत, आणि संशय बटनाच्या तारेवर जातो. कॅबिनेटच्या पुढच्या बटनाची ती दोन पिनांची बारीक तार बोर्डाच्या खालच्या कडेला नऊ पिनांच्या गठ्ठ्यावर बसते. तिथली छपाई इतकी बारीक असते की मोबाइलचा कॅमेरा मोठा करूनच वाचावी लागते. बटनाच्या दोन पिना आणि रिसेटच्या दोन पिना एकमेकींना लागून असतात, आणि तार रिसेटवर बसवलेली मी कितीदा तरी पाहिली आहे. दिव्याच्या तारांना उलटसुलट असतं, बटनाच्या तारेला नसतं.

बटनच खराब आहे का हे कळायला पुढच्या सगळ्या बारीक तारा काढा आणि बटनाच्या दोन पिनांना पेचकसाचं टोक एकाच वेळी क्षणभर टेकवा. या पिनांवर धोकादायक वीज नसते. टोक फक्त त्या दोघींनाच लागेल एवढं सांभाळा. मशीन उठलं तर दोष कॅबिनेटच्या बटनात. अशा वेळी मी रिसेटच्या बटनाची तार तिथे लावून देतो, आणि पोरं वर्षानुवर्षं तेच बटन वापरतात.

बोर्डावर दिवाही नसेल तर २४ पिनांचा मोठा प्लग काढून पुन्हा बसवा, कडीचा खटका ऐकू येईपर्यंत. तरीही काही नाही, तर एसएमपीएस एकट्याने तपासा. त्याच्या सगळ्या तारा कॉम्प्युटरपासून सोडवा आणि त्याला कॅबिनेटचा एखादा पंखा जोडा, कारण काही एसएमपीएसचे स्वतःचे पंखे कमी भाराला फिरतच नाहीत. वीज बंद ठेवून २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी तार आणि शेजारची काळी तार कागदाच्या क्लिपने जोडा, मग वीज चालू करा. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान उठतोय. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळायला हवेत. सगळ्याच तारा काळ्या असतील तर अंदाजाने क्लिप घालू नका, जाणकाराकडून करून घ्या.

एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टांहून जास्त साठा काही काळ राहतो. हात जाईल.

क्षणभर फिरतं आणि थांबतं

सांखळीच्या एका मुलाचं मशीन असंच. पंखा पाव फेरी घ्यायचा की टक् करून सगळं बंद. एसएमपीएस बदलून झाला होता, दुकानदाराने बोर्डही बदलून घ्यायला सांगितलं होतं. मी गेलो तर जमिनीवर चटई, त्यावर कॅबिनेट, आणि आईने शेजारी चहा आणून ठेवलेला. बोर्डाचे स्क्रू काढले, बोर्ड उचलला आणि उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. मधोमध, जिथे स्क्रूचं भोकच नव्हतं तिथे, हिरव्या रंगावर नखाएवढा गोल ओरखडा होता. कॅबिनेटच्या पत्र्यावर बरोबर त्याच जागी एक पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड पत्र्यापासून वर उचलून धरणारा छोटा खुंटा, उभा होता.

झालं होतं ते साधंच. कॅबिनेट मोठ्या एटीएक्स बोर्डासाठी होतं, आणि त्या बोर्डाला साधारण नऊ भोकं असतात. मुलाचा बोर्ड मायक्रो-एटीएक्स, त्याला भोकं कमी. कारखान्यातून आलेले सगळे स्टँडऑफ त्याने तसेच राहू दिले. जादा राहिलेला एक बोर्डाच्या पाठीवरच्या डाखाच्या टोकांना टेकला, बोर्ड थेट पत्र्याला जोडला गेला आणि एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद पडत राहिला. तो बदलून काय होणार होतं? स्टँडऑफ काढला, बोर्ड पुन्हा बसवला, बटन दाबलं, चाललं. बोर्डाला काही झालं नव्हतं, कारण एसएमपीएसने आपलं काम चोख केलं होतं.

म्हणून क्षणभर फिरून थांबणाऱ्या मशिनात मी सर्वात आधी बोर्डाखाली बघतो: जादा स्टँडऑफ, घरंगळलेला स्क्रू, मागच्या पत्र्याची यूएसबीच्या भोकात वाकून गेलेली पट्टी. त्यानंतर तारा. एसएमपीएसच्या सुट्या तारा दुसऱ्या कंपनीच्या, किंवा त्याच कंपनीच्या जुन्या एसएमपीएसच्या असतील तर आत्ताच्या आत्ता काढा. प्लग बसतो म्हणून तार चालते असं नाही. एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेवर किती व्होल्ट याचं सगळ्यांचं एक मोजमाप नाही, आणि चुकीच्या तारेने हार्ड डिस्क खरोखर जळतात.

पंखे फिरतात, पडदा काळा

सर्वांत जास्त मशिनं या गटात येतात आणि सर्वांत जास्त चांगले बोर्ड इथेच उगाच परत जातात, त्यामुळे इथे जरा थांबतो.

प्रोसेसरजवळ, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, ८ पिनांचा वेगळा प्लग लागतो. तो विसरला तरी पंखे फिरतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. त्याची जागा पंख्यामागे अशी दडलेली असते की जोडणाऱ्याला ती दिसतच नाही. हा प्लग चार आणि चार असा सुटतो. ग्राफिक्स कार्डाचा सहा आणि दोन असा सुटतो. दिसायला दोघे भाऊ-भाऊ, पण त्यांतला वीज आणणाऱ्या आणि परत नेणाऱ्या पिनांचा क्रम उलटा असतो. बसत नसेल तर जोर लावू नका, हातात दुसरा प्लग आहे.

मग मॉनिटरची केबल. ग्राफिक्स कार्ड लावलं असेल तर केबल कार्डातच हवी, वर बोर्डावर जे एचडीएमआयचं भोक दिसतं त्यात नव्हे. उलट कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोय आहे का ते बघा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतं, जसा १२४००एफ, त्यात ती नसते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये नसते, ५६००जी मध्ये असते. कार्ड नंतर घेऊ म्हणून ५६०० वर भागवणाऱ्यांचा पडदा कितीही वाट बघितली तरी काळाच राहणार.

मग रॅम. दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा, तपासणीपुरती एकच ठेवायची तर दुसऱ्या खाचेत. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांचं असंच असतं, तरी पुस्तिकेत एकदा बघा. नव्या बोर्डांवर पट्टीची कडी बऱ्याचदा एकाच टोकाला असते. त्या टोकाचा खटका ऐकून आपण निश्चिंत होतो आणि दुसरं टोक केसभर वरच राहतं. बोट फिरवून बघा, दोन्ही टोकं सारखी खाली हवीत. जोर इतका लागतो की बोर्ड किंचित वाकतो. पहिल्यांदा जोडणाऱ्याला त्याची भीती वाटते आणि त्या भीतीपोटीच पट्टी अर्धवट राहते.

डीडीआर५ रॅमचं एक वेगळंच प्रकरण आहे आणि त्याने खूप जणांना रडवलंय. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी वेळेचा मेळ जुळवत बसतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर (एएम५ म्हणजे प्रोसेसर बसतो त्या सॉकेटचा प्रकार) याला कित्येक मिनिटं लागतात, रॅम जास्त असेल तर दहा मिनिटंसुद्धा. तोवर पडदा काळा, पंखे चालू, आणि बोर्डावर रॅमचा दिवा जळत असतो. मडगावच्या एका मुलीने एका संध्याकाळी वीसेक वेळा बटन दाबलं होतं. दर मिनिटाला घाबरून बंद करायची, की ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. मी तिला फोनवर म्हटलं, "चालू कर, पडद्याकडे बघू नको, जेवून ये." ती जेवून आली तेव्हा बायोसचा, म्हणजे बोर्डात आधीच भरलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रामचा, पडदा समोर होता. वारा सुटून वीज ये-जा करत असेल त्या संध्याकाळी ही पहिली सुरुवात करूच नका.

बोर्डावर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार बारीक दिवे असतील तर कुठला जळत राहतो ते बघा, बोर्ड जिथे अडलाय तिथला दिवा सांगतो. प्रोसेसरचा दिवा अडकला आणि ८ पिनांचा प्लग जागेवर असेल तर दोन शक्यता. एक म्हणजे बायोस जुनं आहे. बी६५० बोर्ड २०२२ च्या ऑक्टोबरात आले, रायझन ९००० प्रोसेसर २०२४ च्या ऑगस्टमध्ये. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बोर्डाला हा नवा पाहुणा ओळखताच येत नाही. २०१८ च्या बी४५० बोर्डांचं २०२० च्या अखेरीस आलेल्या रायझन ५००० शी असंच होतं. बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटन असेल तर तुम्ही सुटलात: फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर बायोसची फाइल घाला, पुस्तिकेत दिलेलं नाव तिला द्या आणि बटन दाबून ठेवा. प्रोसेसर न ओळखणारा बोर्डही यातून सुधारतो. मात्र हे करताना वीज जाता कामा नये.

दुसरी शक्यता वाकलेल्या पिनांची. इंटेलच्या बोर्डांवर आणि एएम५ वर पिना बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या सॉकेटात असतात, आधीच्या एएम४ मध्ये प्रोसेसरच्या पोटाला. सॉकेट तिरक्या उजेडात धरून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. हजाराहून जास्त पिना एकाच दिशेला चमकतात आणि वाकलेली वेगळी चमकते. बोर्ड परत पाठवायचा असेल तर सॉकेटचे स्वच्छ फोटो काढा आणि वरचं प्लास्टिकचं झाकण पुन्हा लावा, नाहीतर पिना वाटेत वाकल्या की तुम्ही वाकवल्या हा वाद संपत नाही. हे झाकण पहिल्या दिवशीच कचऱ्यात टाकू नका.

कूलरचं थोडक्यात. तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहिली किंवा एक बाजू सैल राहिली तर मशीन सुरू होऊन थोड्या वेळात तापून बंद पडतं. एकच कोपरा फार आवळला तर प्रोसेसर सॉकेटात तिरका दाबला जातो आणि लावलेल्या रॅमपैकी काही बोर्डाला दिसेनाशी होते. स्क्रू कर्णातले दोन-दोन, थोडे थोडे करत आवळा.

तरीही सुटत नसेल तर सगळं बाहेर

एवढं करूनही मशीन अडलं तर अंदाजाने पार्ट बदलत बसू नका. बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. तो ज्या चमकत्या पिशवीतून येतो तिच्यावर नको, तिच्या बाहेरच्या थरातून वीज वाहू शकते. बोर्डाला फक्त प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस जोडलेले ठेवा. प्रोसेसरमध्ये चित्राची सोय नसेल तरच ग्राफिक्स कार्ड. हार्ड डिस्क, एसएसडी, रंगीत दिव्यांच्या पट्ट्या, पुढच्या यूएसबीच्या तारा, सगळं बाजूला. मग सीमॉस, म्हणजे बोर्डाने साठवलेली सेटिंगं, साफ करा: वीज काढा, सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि पुन्हा घाला. पेचकसाने दोन पिना टेकवून सुरू करा.

चाललं तर एकेक वस्तू वाढवत जा, आणि दर वेळी वीज काढून. ज्या वस्तूनंतर अडेल ती वस्तू किंवा तिची तार. नाहीच चाललं तर रॅमची पट्टी बदलून बघा, मग खाच बदलून, मग मित्राचा एसएमपीएस आणून. बोर्ड आणि प्रोसेसरवर संशय सगळ्यांत शेवटी घ्यायचा. याला एक दुपार लागते. पार्ट परत पाठवून बदली यायला किती दिवस लागतात ते ज्याने अनुभवलंय, त्याला ही दुपार महाग वाटणार नाही.

आपल्या दमट हवेत कोरड्या मुलखाइतकी स्थिर विजेची भीती नसते, तरी बोर्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला एकदा स्पर्श करा. आणि पावसात भिजून आलेलं कुरिअरचं खोकं लगेच फोडून जोडणी करू नका. रात्रभर घरात राहू द्या, आतला दमटपणा आणि थंडावा जाऊ द्या.

आज चालतं, उद्या नाही

पेडण्याजवळच्या एका घरी मला तीनदा जावं लागलं. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पडवीत मुलाचं टेबल. कॉम्प्युटर माझ्याकडे फोंड्यात आठ दिवस विनातक्रार चालला. तिकडे नेला की कधी चालायचा, कधी नाही. तिसऱ्या खेपेला मी कॉम्प्युटरला हातच लावला नाही. मुलाच्या आजीला विचारलं, "आजी, हा बंद पडतो तेव्हा घरात आणखी काय होतं?" त्या म्हणाल्या, "पंख्याचा आवाज बदलतो. घूं घूं करतो."

म्हणजे तेव्हा घर इन्व्हर्टरवर चाललेलं असायचं, तेही जुन्या चौकोनी लहरीच्या. आजच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट, असतं आणि त्यांतल्या बऱ्याच एसएमपीएसना चौकोनी लहर मानवत नाही, ते उठतच नाहीत किंवा मध्येच बसतात. पडवीतलं ते सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर होतं. संध्याकाळी वीज गेली की घरात दिवे चालूच राहायचे, त्यामुळे वीज गेलीय हे मुलाच्या लक्षातच यायचं नाही.

त्याच घरात आणखी एक गोष्ट निघाली. मी कॅबिनेटच्या पत्र्याला बोटाची मागची बाजू लावली तर झिणझिण्या आल्या. मल्टिमीटर लावला: फेज आणि न्यूट्रलमध्ये २२६ व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये ११० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढेच. अर्थिंग ठीक असतं तर फेज-अर्थमध्ये २२६ च्या जवळचा आकडा आला असता आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट. सॉकेटची तिसरी तार भिंतीच्या डब्यापर्यंतच आली होती, पुढे कुठेच जात नव्हती. एसएमपीएसमधल्या फिल्टरची गळती जमिनीत जायला वाट नसली की ती पत्र्यावर येऊन बसते. अशा घरात मॉनिटर किंवा टीव्ही दुसऱ्या सॉकेटवर असेल तर एचडीएमआय केबल लावताना ठिणगी पडू शकते आणि ग्राफिक्स कार्डाचं भोक कायमचं जाऊ शकतं. ते जळकं भोक बघून लोक कार्डाला दोष देतात.

हे मोजमाप स्वतः करण्याचा सराव नसेल तर वायरमनला बोलवा, भिंतीतल्या २३० व्होल्टांशी शिकाऊ प्रयोग नकोत. त्या घरात वायरमनने नवी तार ओढली, कोळसा आणि मीठ घालून अर्थिंगचा खड्डा नव्याने भरला. आपला जांभा मे महिन्यात कोरडाठाक होतो आणि खड्ड्याची ओल गेली की अर्थिंग दुबळं पडतं, म्हणून त्यांना उन्हाळ्यात तिथे पाणी ओतायला सांगितलं. कॉम्प्युटर इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढला आणि त्याला साइन लहरीचा, म्हणजे भिंतीतल्या विजेसारख्या गोलसर लहरीचा, छोटा यूपीएस दिला. मग तेच सॉकेट पुन्हा मोजलं: फेज-अर्थ २२५, न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट. मुलाने बटन दाबलं, आजी दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि मशीन पहिल्या दाबाला उठलं.